ड्राइव्ह चांगलाच होता

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बहिणीसारख्या दोन मैत्रिणी आहेत मला, त्यांच्याही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुरेखाला ओळखत नाही.

सुरेखा माझी भावजय. नंदू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, मी एकोणीसची. त्याचे डबे, त्याची शाळा, त्याची दुखणी, सगळं मी केलं. मग त्याचं लग्न झालं, बेटेगावला त्यानं घर केलं, आणि मी रविवारची पाहुणी झाले. तीन वर्षांपूर्वी तारापूरच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

त्याचे फोटो, व्हिडिओ सगळे त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये. आतली डिस्क टकटक वाजायला लागलेली — म्हणजे हिचे दिवस भरले, सगळं नव्या ड्राइव्हवर उतरवून ठेवायला हवं होतं. मी कारखान्यात स्टोअर्सला आहे, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. म्हणून घराण्यातली कॉम्प्युटरवाली मीच. सुरेखा म्हणाली, "ताई, तुमीच काय ते घ्या. पन स्वस्तातला बघा हां."

आणि मी बघितला हो! त्यात कसूर केली नाही — हे सांगताना मला अजून बरं वाटतं, बघा. बोईसरच्या एका दुकानदारानं कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा भल्यामोठ्या क्षमतेचा एसएसडी ड्राइव्ह निम्म्या भावात पुढे केला. "मॅडम, सब यही ले जाते हैं." नेत असतील. असल्या डब्यात पुष्कळदा चिप चिमुकली आणि वर छापलेला आकडा मोठा; फायलींची नावं दिसतात, उघडत मात्र काही नाही. मी पालघर गाठलं. ओळखीच्या कंपनीचा, लहान, पण पाच वर्षांची वॉरंटी आणि पक्कं बिल असलेला घेतला. नंदूचं सगळं मावायला तेवढा पुरत होता. घरी आणून आधी काठोकाठ भरून बघितला, फाईल न् फाईल उघडून बघितली, मग रिकामा करून त्यात नंदूला ठेवलं.

इथपर्यंत मी चांगली आहे.

मग एकेक व्हिडिओ तपासायला बसले — आणि तो एक लागला. नंदू अंगणात उकिडवा बसलाय, कोयत्यानं ताडाची फळं फोडतोय, बनियनवर पाणी उडालंय. एक ताडगोळा अख्खा निघाला. तो बोटांवर धरून त्यानं वर बघितलं, हसला आणि म्हणाला, "घे." बस, एवढंच. फोन कुणी धरला होता? सुरेखानं. तो तिच्याकडे बघून हसला होता. पण बघणाऱ्याला काय वाटतं सांगू? आपल्याकडेच बघतोय. आपल्यालाच देतोय. इतकी वर्षं मी त्याला वाढलं — माझ्याकडे कधी असं बघितलं होतं का त्यानं?

मला तो हवा होता. कॉपी करून घेता आला असता, नाही का? तिलाही राहिला असता, मलाही. पण मग तो तिचाच राहिला असता, आणि मी आपली मागे उभी राहून बघणारी. मी — मी तो ड्राइव्हवरून काढून माझ्या कॉम्प्युटरवर घेतला. लॅपटॉपमधूनही पुसला. ज्या फोनवर काढलेला, तो फोन केव्हाच मोडीत गेला होता. हे मला माहीत होतं.

आठवड्यानं सुरेखा म्हणाली, "ताई, तो ताडगोळ्यांचा नाय दिसत यात." फाईल खराब झाली असेल, मी म्हणाले, होतं असं कधीकधी. तिनं यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाली, "माजीच चूक. मीच स्वस्तातला बघा म्हनले."

तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. अजून ती शेजारणींना सांगते, वस्तू घेताना पैशाकडं बघू नका, मी बघितलं नि काय झालं. मी बाजूला बसून चहा पिते.

व्हिडिओ मी रोज बघते. तो "घे" म्हणतो आणि माझा हात — खरंच — जरासा पुढे होतो. त्याची इतकी आठवण येते की छातीत दुखतं. पण हल्ली एक झालंय. तो "घे" म्हणतो, त्याच्या मागोमाग फोन धरणारीचं हसू ऐकू येतं. आधीही असणारच, मी ऐकत नव्हते. आता मी आवाज बंद करून बघते.

गेल्या महिन्यात सुरेखानं दुसरा ड्राइव्ह आणायला लावला. या वेळी महागातला. जिवापाड जपायचं ते दोन ठिकाणी ठेवावं, हे मीच तिला शिकवलेलं. माझ्याच घरी, माझ्याच कॉम्प्युटरवर सगळं नव्यावर उतरवलं. तो व्हिडिओ तिथंच होता, एका फोल्डरमध्ये. हळूच टाकून "सापडला बघ" म्हणता आलं असतं. ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती, पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत. मी फोल्डर उघडला नाही.

ड्राइव्ह तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दारात थांबली.

"आता तर काय जानार नाय ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले.