काडतुसं भरायचं टेबल

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच बंदूक हातात धरली आहे. २०२०च्या फेब्रुवारीत ऑफिसातल्या एका आयरिश मित्राने त्याला आपल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं, पाच-सहा गोळ्या झाडू दिल्या, आणि त्यातली एक चक्क कागदाला लागली. तेवढ्या भांडवलावर हा घरी आला तो तज्ज्ञ होऊनच. पुढच्या महिन्यात सगळं बंद झालं, क्लबही. दुसरा कुणी गप्प बसला असता. पण आमच्याकडे कुठल्याही गोष्टीची सुरुवात ती करण्यापासून होत नाही, तिची माहिती काढण्यापासून होते.

माहिती काढता काढता त्याला कळलं की मुरलेले नेमबाज काडतुसं विकत घेत नाहीत. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच जपून ठेवतात आणि घरच्या घरी त्यात पुन्हा दारू आणि गोळी भरतात. स्वस्त पडतं. ‘स्वस्त पडतं’ म्हटलं की आमच्या घरात पुढची चर्चा संपते. बंदूक नव्हती, परवाना नव्हता, रिकामं कवच एकही नव्हतं. पण भरायचं यंत्र घट्ट बसवायला टेबल लागतं, तेव्हा टेबल आधी हवं.

आमचं घर इथे आयर्लंडात, सँडीफोर्डला, एका बेडरूमचं, भाड्याचं. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचे दोन मॉनिटर आणि त्याचं अख्खं ऑफिस. ऑफिस माझंही घरी आलं होतं, पण त्याला टेबल नव्हतं. मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करायचे. ते प्रत्येक अक्षराला डुलायचं, त्यामुळे मीटिंगमध्ये मी होडीत बसल्यासारखी दिसायचे. मान धरली, मग पाठ धरली. आणखी एक टेबल मावेल अशी जागा घरात एकच होती, हॉलच्या खिडकीखाली. तिच्यावर मी मार्चपासून डोळा ठेवून होते. विचारलं की नवरा म्हणायचा, “बघू गं. तिथे नीट विचार करून काहीतरी करू.”

तो विचार आता सुरू झाला होता. अमेरिकेतले पांढऱ्या दाढीचे आजोबा व्हिडिओत आपापल्या गॅरेजमधली टेबलं दाखवायचे आणि हा जेवताना मला त्याचा सारांश सांगायचा.

“टेबल अजिबात हलता कामा नये. जरा हललं की दारू कमी-जास्त पडते. जिवाशी खेळ आहे.”

मी मान चोळत ऐकत होते.

घडीचं टेबल हलतं म्हणून बाद. नवं लोखंडी महाग म्हणून बाद. ओट्याची फळी भिंतीला ठोकायची, तर घरमालक भोकं पाडू देणार नाही. मग एक जुनं ड्रॉवरचं कपाट त्याच्या मनात भरलं, पण तेही त्याने सोडून दिलं. “खाली गुडघे मावत नाहीत. तासन्‌तास बसायचं असतं गं, पाठीची वाट लागते.”

“कुणाच्या?” मी विचारलं. त्याला वाटलं मी चर्चेत रस घेतेय.

नागपूरहून सासूबाई व्हिडिओवर रोज दिसायच्या. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा म्हणाल्या, “काहून रे बाप्पा, घरात दारूगोळा भरतं का तू आता?” त्याने त्यांनाही आजोबांचा व्हिडिओ पाठवला.

शेवटी सापडलं. नासमध्ये कुणाच्या तरी शेडमधलं सुताराचं जुनं टेबल, जाड लाकडाचं, स्वस्त. ठरलं आणि ऑगस्टमध्ये नास ज्या जिल्ह्यात येतं ती किल्डेअर काउंटीच साथीपायी बंद झाली. हा रोज त्या टेबलाचा फोटो बघत बसायचा. माझ्याकडे त्याने लग्नाआधीसुद्धा इतकं बघितलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये रस्ता उघडला आणि भाड्याच्या व्हॅनमधून ते हत्तीसारखं धूड आमच्या खिडकीखाली येऊन बसलं. खरंच हलत नव्हतं.

नवऱ्याने फोटो आयरिश मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, स्पीकरवर.

“ग्रँड टेबल आहे. पण तू हे कशाला घेतलंस? घरी काडतुसं भरायला इथे परवानगीच नाही. आणि मी तुला जी झाडायला दिली होती ना, तसली तर पुन्हा भरताच येत नाहीत.”

इतकी माहिती काढली, एवढीच राहिली. मला हसू आलं नाही, राग आला. कारण फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “असू दे तिथेच. कायदा बदलूही शकतो.” टेबल रिकामं राहिलं आणि मी आत डुलत राहिले.

मग दसरा आला, रविवारी. अवजारांची पूजा करायची म्हणून त्याने टेबल पुसलं आणि त्यावर दोन स्क्रूड्रायव्हर आणि एक पाना ओळीने मांडला. मी आतून माझा लॅपटॉप आणला, चार्जर आणला, हेडफोन आणले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले. सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली, हळदकुंकू लावलं.

“अगं, हे इथे कशाला?” तो म्हणाला.

व्हिडिओवरून उत्तर सासूबाईंनी दिलं. “तिचं पोट त्याच्यावर आहे नं! राहू दे. मांडलेली पूजा हलवू नको बाप्पा.”

देवाबिवावर विश्वास नसलेला माझा नवरा मांडलेल्या पूजेला हात लावत नाही. उगाच रिस्क कशाला, असं त्याचं धोरण आहे. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी होती. मंगळवारी सकाळी मी अक्षता झटकल्या, खुर्ची ओढली आणि बसले. गुडघे मावले. टाइप करून पाहिलं, काहीही हललं नाही. खिडकीतून उजेड येत होता. मला रडूच आलं.

नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. मग अगदी मनापासून, काळजीने म्हणाला,

“अगं, पण मग इतके महिने तू बसत कुठे होतीस?”