झिंग्यांशिवायचा रस्सा

शाळेत पाचवीच्या वर्गावर होते, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. सानगडीच्या बाजारात मासे विकता विकता आई बसल्या जागीच कलंडल्या होत्या. मी पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. शेजारच्या बायकांनी त्यांची पाटी सावलीत सरकवून वर ओलं गोणपाट टाकलं होतं... आईंना ते आवडलं असतं. माल उन्हात ठेवून उठणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. आता महिना उलटून गेला. रडून झालं आहे, आभार मानायचे तेवढे राहिलेत.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गावच्या तलावात मासे धरायचे, आई ते विकायच्या. आणि मी नागपूरहून आलेली सून, मासे-अंडी सोडाच, दूध-तूपही न खाणारी. 'त्या घरात तू जन्मभर पाहुणीच राहशील,' असं माहेरच्यांनी बजावलं होतं आणि मला नेमकी त्याचीच धास्ती होती. सासऱ्यांनी तर साखरपुड्यातच विचारलं, "मासोळी नाई, दूध नाई, मंग हे पोरगी खाते तरी काय?" माझ्या आधी आईच बोलल्या, "तुमाले काहून चिंता? रांधाचं मले हाये ना!"

आणि त्यांनी रांधलं. शाळेतून दमून आले की पाटोडीचा रस्सा तयार असे. घट्ट शिजवलेल्या बेसनाच्या वड्या, वर तिखटजाळ लाल तर्री, भरपूर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि सोबत गरम भात. तो पहिला घास पोटात गेला की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे पळायचा. असा रस्सा मी माहेरीही कधी खाल्ला नव्हता. मासोळी घरात रोज शिजायची, तिचा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा, माझा वेगळा. पण माझ्या गंजातलं पहिलं वाढण आई स्वतःच्या ताटात घेत. "एकटीनं जेवाले गोड लागते का?" म्हणत.

एका रविवारी मी पाट्याजवळ जाऊन बसले. आई मसाला वाटत होत्या. खोबरं, खसखस, भाजलेला कांदा... आणि वरून मूठभर वाळलेले झिंगे.

"आई, हे काय?"

"मसाला होय ना वो."

"पण हे तर झिंगे आहेत!"

"मंग? झिंगे म्हंजे का मासोळी होय? बिना झिंग्याचा रस्सा होते का कुठं?"

त्या खरंच गोंधळल्या होत्या. मासोळी म्हणजे जी ताटात वाढतात ती. वाळलेल्या झिंग्यांची भुकटी त्या घरात हिंगासारखी, डब्यातच असायची. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा हात वरवंट्यावरच थांबला. "म्हंजे एवढे दिवस मी तुले..." मी उठून चूळ भरून आले, खोटं कशाला सांगू? पण रागावणार तरी कुणावर? माझ्यासाठी इतक्या मायेनं खपणारं माणूस समोर डोळ्याला पदर लावून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी नवा गंज आणला, नवा पाटाही. आणि मग सुरू झाला झिंग्यांशिवाय झिंग्यांची चव आणण्याचा उद्योग. कधी तीळ करपवले, कधी भेदरं, म्हणजे आपले टमाटे, उन्हात वाळवून वाटले. एकदा तर रस्सा इतका कडू झाला की आम्ही दोघींनी नुसता भात खाल्ला आणि पोट धरून हसलो. शेवटी खमंग भाजलेला जवस आणि वाळवलेली अंबाडी यांचं जमलं. आई गंज उचलून थेट शेजारी. "चाखून सांग, झिंगे हायेत का नाई?" शेजारीण बोटं चाटत म्हणाली, "हायेत ना वो, चांगले लय हायेत!" बाजारात सगळी पाटी विकली गेल्यावरही आईंचा चेहरा एवढा फुललेला मी पाहिला नव्हता.

त्यांनी मला कधी 'का' विचारलं नाही. तत्त्व, विचार वगैरे मी समजावायला बसले की म्हणत, "तुले नाई चालत ना? मंग झालं." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी मला घरात घेतलं. मी पुस्तकं वाचून जी माया शिकू पाहत होते, ती त्यांच्याकडे आधीच होती.

गेल्या आठवड्यात मला ताप भरला. नवरा कामासाठी बाहेरगावी. सासरे तलावावरून आले, मला पाहिलं आणि थेट मोरीत गेले. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला माणूस बराच वेळ खसाखसा हात घासत होता. मग खाटेजवळ येऊन त्यांनी दोन्ही ओले तळवे माझ्या नाकापुढे धरले. बाजारातून आल्यावर आई रोज हेच करायच्या. चिंचेनं हात घासायच्या, मला हुंगायला लावायच्या, आणि मी मान हलवल्याशिवाय बेसनाला शिवायच्या नाहीत. सासऱ्यांनी हे कधी पाहून ठेवलं, कोण जाणे...

"पाह्य वो पोरी, वास येते का?"

येत होता, किंचित. पाहुणी असते तर नाही म्हटलं असतं.

"येते बाबा," मी म्हणाले.

ते पुन्हा चिंच घेऊन मोरीत गेले.