बसने जाणाऱ्या भागातला

"केनियात पळणारे लोक डोंगराकडचे. मी बसने जाणाऱ्या भागातला."

कुणी नवा माणूस भेटून पळण्याविषयी विचारू लागला की माझ्या केनियन मित्राला हे वाक्य म्हणावंच लागे. म्हणताना तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा. समोरच्याची निराशा नीट दिसू नये म्हणूनच तो चष्मा काढतो, अशी माझी पक्की समजूत होती.

तो मोंबासाचा, समुद्राकाठचा. बहरीनमध्ये, मनामा शहरात आमच्या वर्कशॉपमध्ये वजनकाटे दुरुस्त होतात, तिथे आमची टेबलं शेजारी शेजारी. अंगाने असा की दारातून आत आला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. आवाज मात्र बारीक, चाल सावकाश. सकाळी चहात खारी बुडवून ती मोडायच्या आत तोंडात घालणं हा त्याचा एकमेव क्रीडाप्रकार. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. तुम्हाला ते मराठीत वाढतो.

बाब अल बहरीनच्या कमानीजवळच्या सोनारांकडे आम्ही दोघं काटे तपासायला जायचो. दुकानदार आधी त्याच्याकडे बघत, मग गल्ल्याकडे बघत, मग मला हळूच विचारत, "बॉडीगार्ड आणलाय का?" हे कानावर पडलं की हा लगेच माझ्यामागे हात बांधून छाती काढून उभा राहायचा आणि मला हसू आवरणं मुश्कील व्हायचं.

एकाने फार आदराने विचारलं, "तुमच्याकडे सिंह रस्त्यावर फिरतात म्हणे?"

"फिरतात. शुक्रवारी सुट्टी."

दुकानदाराने गंभीरपणे मान डोलावली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, त्याला खरं वाटलं ना!"

"खरं सांगितलं असतं तर बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

बुसैतीनला तो आपल्या मावसभावाबरोबर एका खोलीत राहायचा. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. पण मावसभाऊ जिममध्ये ट्रेनर होता, आणि बहरीनला उतरल्यापासून अमेरिकन झाला होता. केसांच्या बटा, घरातसुद्धा काळा चष्मा, छातीतून काढलेला घोगरा आवाज. त्याचं म्हणणं सरळ होतं. "लोकांना जसा काळा माणूस पाहिजे तसा द्यायचा. खलास. तू मध्येच चहात खारी बुडवतोस आणि सगळ्यांचा गोंधळ उडवतोस. मग आम्हाला निस्तरावं लागतं."

कंपनीच्या स्पोर्ट्स डेला हा गोंधळ मी डोळ्यांनी पाहिला. रिले शर्यतीत शेवटचा टप्पा कुणाला द्यायचा याची चर्चासुद्धा झाली नाही. "केनिया! केनिया!" म्हणून सगळे ओरडायला लागले. त्याने आपलं बसचं वाक्य दोनदा सांगितलं, पण ऐकतो कोण? आमच्या संघाने त्याच्या हातात चांगली आघाडी दिली. ती घेऊन तो देवळात प्रसाद न्यावा तशा बेताने निघाला. बाकीच्या संघांतले तिघे पुढे गेले. चौथा, कंपनीचा जाडा अकाउंटंट, तोही गेला. हा पोचला तेव्हा बक्षिसाच्या टेबलाभोवती गर्दी जमली होती.

आम्ही हसून हसून बेजार झालो. चिडला तो फक्त शर्यत बघायला आलेला मावसभाऊ. "आपलं नाव घालवलंस तू!"

"ते डोंगरातल्या लोकांनी कमावलंय. माझ्या हातात कधी आलंच नव्हतं, मी घालवू कुठून?"

त्यानंतर आमच्या मंडळाची जयंती आली. बहरीनमधले आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध दरवर्षी हॉल घेतो. निळे झेंडे, वंदना, मुलांची इंग्रजी भाषणं आणि जेवण. मंडळाचे अध्यक्ष आम्हा सगळ्यांचे काका, साताऱ्याकडचे. काळ्या लोकांच्या लढ्याबद्दल तरुणपणी वाचून ते जे पेटले ते अजून विझलेले नाहीत. मला म्हणाले, "तुझ्याबरोबर तो आफ्रिकन भाऊ आहे ना, त्याला आण. दोन शब्द बोलू दे. पण आग पाहिजे, आग!"

मी निरोप दिला. तो चष्मा पुसत राहिला. "आग? मी? मला शेवटचा राग कधी आला होता ते आठवावं लागेल."

पण काकांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. मावसभावाला तर आनंदच झाला. शर्यतीची भरपाई करायची संधी चालून आली होती. त्याने फोनवरून जळजळीत वाक्यं काढून पाठ करायला दिली, स्वतःचं काळं जॅकेट दिलं, मूठ कशी उगारायची ते शिकवलं. तालीम वर्कशॉपमध्ये माझ्यासमोर झाली. मूठ वर गेली की वाटे, हा कुणाला तरी छत्री धरून उभा आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. मावसभाऊ मागच्या रांगेत काळा चष्मा लावून. माइकपाशी आमचा वक्ता, त्याच्या शेजारी मी, मराठीत सांगायला. "जय भीम!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मूठ वर गेली. आणखी टाळ्या. मग काहीच नाही. पाठ केलेलं सगळं उडालं होतं. मूठ वरच.

शेवटी त्याने ती हळूच खाली घेतली आणि चष्मा काढला.

"तुम्हाला आग पाहिजे होती. माझ्या भावाने दिली होती बरोबर, इथे येईपर्यंत विझली." लोक हसले. मावसभाऊ खुर्चीत खाली सरकला. "मला नीट रागावता येत नाही. इथे आलो तेव्हा खोली शोधत होतो. फोनवर माझं इंग्रजी ऐकून मालक म्हणाला, या, खोली रिकामी आहे. दारात मला बघितलं आणि म्हणाला, आत्ताच गेली. मला रागावायला पाहिजे होतं. मला लाज वाटली. वाटलं, मीच दारात चुकीचा उभा राहिलो. थोडं वाकून उभं राहायला पाहिजे होतं."

मी ते मराठीत सांगितलं.

दुसऱ्या रांगेतून एक ताई उठल्या. सलमानिया हॉस्पिटलात नर्स आहेत. म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्याकडे तोंड बघत नाहीत, आडनाव विचारतात. मग खोली आत्ताच गेलेली असते."

मी सांगितलं. तो ताईंकडे वळला. "मग तुम्ही काय करता?"

"करणार काय? दुसरी खोली बघतो. आणि पहिल्या मालकाला मनातल्या मनात अशा शिव्या घालतो, की बास!"

सगळा हॉल हसला. मी भाषांतर करायच्या आधीच तो हसला, मोठ्याने, पहिल्यांदाच त्या अंगाला शोभेल असा. काका माइकपाशी आले. "भाषण पार फसलं," ते म्हणाले, "पण मी इतकी वर्षं ऐकलेल्या भाषणांत हे एकच मला कळलं." मग स्वतःच्या हाताने त्याला खिरीची वाटी दिली.

पुढच्या वर्षी तो बहिणीच्या लग्नाला सुट्टीवर गेला, मोंबासाला बंदरात नोकरी लागली आणि परत आलाच नाही. त्याचं सामान न्यायला मावसभाऊ वर्कशॉपमध्ये आला. एक जुना चष्मा, थर्मास, खुर्चीवरची उशी. पिशवी भरून झाली तरी निघेना. त्या उशीच्या खुर्चीतच बसला.

"इथे दिवसभर काय बोलायचा तो?" त्याने विचारलं. "घरी मी त्याला बोलूच दिलं नाही. सारखं हे करू नकोस, तसा दिसू नकोस."

मी चहा मागवला आणि सांगायला लागलो. सिंहाची सुट्टी सांगितली, छाती काढलेला बॉडीगार्ड सांगितला. तो गुडघ्यावर हात मारून हसत होता. मधेच काळा चष्मा काढून डोळे पुसले, आणि दाराकडे एकदा बघून घेतलं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "ते जिममधलं ढणढण संगीत असतं ना, मला अजिबात आवडत नाही. डोकं दुखतं. कुणाला सांगू नकोस."

मी वचन दिलं. तेव्हा मंडळी, तुम्हीही कुणाला सांगू नका.