मरता मरता उठणारी सोजराबाई

बुलढाण्याची सोजराबाई अठरा वर्षांत किती वेळा मेली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नाटकात काम करायला गावातल्या लेकी-सुना कोण पाठवणार? मग गावोगावची मंडळी तिलाच बोलावत. ट्रंक घेऊन ती एसटीनं जायची, दोन तालमी करायची आणि तिसऱ्या अंकात लेकाच्या मांडीवर जीव सोडायची.

पण धड मरू देतील तर शपथ! बाया पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, की भोंगा खरखरलाच. "भाऊराव पाटलांकडून दोन रुपये बक्षीस!" रिवाजच तो. मरणाऱ्या बाईनं उठायचं, देणाऱ्याला हात जोडायचे आणि पुन्हा मरायला लागायचं. तोवर रडणाऱ्या बायांनी सुपारी कातरायला घेतलेली असायची.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली असतील. साखरखेर्ड्याच्या नाटकाला पुण्याच्या सिनेमा कंपनीचे करंबेळकर येणार होते. त्यांना आईच्या कामासाठी वऱ्हाडी बोलणारी बाई हवी होती. सोजराबाईनं नाटकमंडळाच्या नारायणरावांना गाठलं.

"भाऊ, आजच्या दिवस मले सरळ मरू द्या. बक्षिसं मंग वाचा."

"हाव ना बाई. तू मर निवांत."

पलसिद्धाच्या मठाकडे तोंड करून तिनं हात जोडले, मग रंग लावला.

काम असं झालं की मांडवात तान्ही लेकरंसुद्धा गप्प झाली. शेवटचं एक वाक्य उरलं होतं. "लेकरा, मले..."

खर्रर्र. "उकंडरावाकडून पाच रुपये!"

नारायणरावांनी शब्द पाळला होता. पण गावातल्या उकंडरावानं स्वतःच त्यांच्या हातातला माईक हिसकावला.

सोजराबाई उठली नाही. डोळे मिटून पडून राहिली.

"ऐकू नाही आलं काय? पाच रुपये!"

"मरून राह्यली ना बे ते!" मागून कोणी ओरडलं.

"तं काय झालं? मागच्या साली दोन रुपयाले उठली, आता पाचाले काऊन उठत नाही? माहा अपमान हाय हा!"

लेकाचं काम करणारा कडूबा तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. तो वाकून कुजबुजला, "उठ वो बाई. वाक्य राह्यलं अजून."

सोजराबाई उठली. उकंडरावाकडे रोखून पाहत हात जोडले. पुन्हा आडवी झाली, वाक्य म्हणाली; पण ते हसण्यात कुठं ऐकू जातंय!

पडदा पडल्यावर करंबेळकर आत येऊन म्हणाले, "बाई, मरण ठीकच होतं. पण ते हात जोडलेत ना! डोळ्यांत काय आग होती!"

सिनेमात तिला तेवढंच काम मिळालं. पाटलाच्या दारात हात जोडून उभी असलेली बाई. आईचं काम पुण्याच्याच एका बाईला गेलं, आणि तिला वऱ्हाडी शिकवायलाही सोजराबाईच लागली.

पुढल्या साली तो सिनेमा साखरखेर्ड्याला तंबूत लागला. सोजराबाई मुद्दाम गेली, बायांत बसली. पडद्यावर आली, हात जोडले, संपलं. पुरुषांच्या बाजूनं उकंडरावाचा आवाज आला, "पाह्यलं? मीच शिकवलं तिले!"

मग आईच्या मरणाचा प्रसंग आला. तंबूत कोणी हूं की चूं केलं नाही. पुण्याची बाई लेकाच्या मांडीवर एका दमात, सुखानं मेली.