दोन लब्धिसुंदर

गेल्या रविवारी धुळ्याला गेलो होतो, एका मूर्तीच्या पाठीवरच्या ओळीसाठी. ओळ वाचून झाली होती... ती नानांना सांगायची होती आणि तेच जड जात होतं.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, वय ब्याऐंशी. घरातच त्यांचं छोटं देरासर, म्हणजे जैन देवघर, त्यात वीतभर उंचीची पंचधातूची पार्श्वनाथांची मूर्ती. ही मूर्ती थोर आचार्य लब्धिसुंदरांच्या हातची प्रतिष्ठा, हे येणाऱ्याला चहाच्या आधी सांगितलं जातं. आता देरासराची पुस्तिका निघतेय, सोमवारी छापायला जायची होती.

मी जैन नाही. जळगावला कॉलेजात शिकवायचो, जुने लेख वाचायचा नाद. म्हणून नानांनी मूर्तीची पाठ नीट स्वच्छ करून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले.

फोटोत लब्धिसुंदर होतेच. पण इतकी वर्षं केशर-चंदनाच्या थराखाली दबलेली पुढची अक्षरंही आता दिसत होती... 'धीरसुंदरशिष्य'. आणि थोर लब्धिसुंदरांचे गुरू तर दुसरेच.

जैन साधूंमध्ये जुनी नावं पुन्हा पुन्हा ठेवली जातात. त्यामुळे नुसत्या नावावर जायचं नसतं, गुरू कोण ते आधी बघायचं. या मूर्तीवरचा संवत झिजलाय, पण धीरसुंदर आणि त्यांचे शिष्य लब्धिसुंदर हीच जोडी जळगावच्या एका मूर्तीवर सापडली आणि तिथे संवत स्पष्ट आहे. म्हणजे नानांचे लब्धिसुंदर थोरल्यांनंतर शे-सव्वाशे वर्षांनी झालेले. त्यांच्याबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून एसटी धरली. वाटभर वाक्यं जुळवत होतो. देरासराच्या दाराशी पोचलो आणि भिंतीवर नव्यानं लॅमिनेट करून लावलेलं कात्रण दिसलं... 'थोर आचार्यांची धुळ्यातील मूर्ती'. खाली माझंच नाव.

तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा स्मरणिकेत लिहिलेलं. नाव दिसलं, हरखलो, आणि थराखालचं पुढचं साफ करून न वाचताच लेख लिहून मोकळा झालो होतो. नानांचा सगळा अभिमान त्या कात्रणावर उभा, आणि मी ते पार विसरलेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं सांगून टाकलं, चूक माझी हेही. नाना म्हणाले, "म्हंजे ह्या दुसरा महाराज शेतस?"

मी मान डोलावली.

"मंग इतला वरीस आम्हीन यासना मान दुसरासले दिधा..." ते उठले, मूर्तीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडं."

आपल्या हातून कुणी दुखावलं गेलं असेल तर जैन माणूस हे म्हणून माफी मागतो. थोरल्यांचं नाव गेलं म्हणून नाना माझ्यावर चिडतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांना आधी आठवण झाली ती ज्यांचं श्रेय गेलं त्यांची. मीही हात जोडले... पण चूक माझी आणि माफी आधी नानांची, याची लाज वाटली.

निघताना नानांनी कात्रण भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिलं. "आते नवं लिखी दे. पुरं वाचीसन."

पुस्तिका आठवडाभर थांबली आहे. कात्रण माझ्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवलंय. नव्या लेखाची पहिली ओळ लिहून झाली... 'ही प्रतिष्ठा लब्धिसुंदरांची, धीरसुंदरांच्या शिष्यांची.'