केकताडानं धरलेला डोंगर

सावेडीहून रिक्षाने स्टँडवर, एसटीने पारनेर आणि पुढं टेम्पो. जो बघायला निघालो होतो, तो डोंगर टेम्पोतूनच दिसला. अर्धा तांबडा, अर्धा हिरवा. हिरव्यात दोरीचे चौकोन, बाज विणावी तसे.

ही केकताडाच्या (घायपाताच्या) वाखाची जाळी विणली इंदूबाईंनी. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दोर वळतात. उताराखालीच त्यांचं अर्धा एकर रान. तीन पावसाळे वरचा मुरूम वाहून त्यात येत होता. डोंगर धरला तर रान, नाहीतर नुसती खडी.

उन्हाळ्यात त्यांनी उतारावर गवताचं बी टाकलं, वर जाळी अंथरली आणि खुंट्या ठोकल्या.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. ती मिरवायची संधी मी सोडत नाही. म्हटलं, "मावशी, खुंट्या वाळलेल्या लाकडाच्या हव्यात."

"व्हय, पर आमी घाईत निरगुडीच्या वल्ल्याच ठोकल्या. समदं गाव हसलं. आता बघा."

ओळीनं खुंट्यांना पालवी फुटली होती. माझा विश्वास बसेना. एक खुंटी उपटली, तर पांढऱ्या मुळ्यांसकट मूठभर माती वर आली.

"अवो मास्तर!" इंदूबाई ओरडल्या. "नांदती पोर अशी माघारी आनत्यात व्हय? रोवा आधी!"

मी ती परत रोवली. मग त्यांनी एक हंडा उघड्या उतारावर ओतला. पाणी चहासारखं तांबडं होऊन धावलं. दुसरा जाळीवर ओतला, तो गवतातच जिरला.

जेवायला हुलग्याचं शेंगोळं (कुळथाच्या पिठाच्या वळकट्या शिजवलेला झणझणीत रस्सा) होतं. भुरकताना विचारलं, "जाळी दोन-तीन वर्षांत कुजेल. मग?"

"कुजू द्या की. तवर मुळं धरत्यात. शेळ्या निरगुडीला तोंड लावत न्हाईत."

परतीच्या एसटीत हसू येत होतं. पदवीचा कागद कुजू नये म्हणून मी तो लॅमिनेट करून भिंतीला टांगलाय. या बाईनं कुजणारीच वस्तू विणून डोंगर थोपवला.

निघताना टेम्पोतून शेवटचं पाहिलं होतं, तेव्हा इंदूबाई वाफ्यात वाकून कांद्याचं रोप लावत होत्या. डोंगराकडं खुशाल पाठ करून.