निवडलेली माती

आमचे भाऊजी रुपराव नागपुरात जरीपटक्याला राहतात. आपलं काही कमी आहे हे लोकांना दिसू नये, यातच त्यांचं आयुष्य गेलं. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी शेजाऱ्याचा सोफा आणून ठेवला होता, आणि पाहुणे गेल्यावर तो परत पोचवायला मला जुंपलं. अशा माणसाच्या हाती त्यांच्या बायकोचं, माझ्या चुलतबहिणीचं, वच्छलाचं, वावर लागलं. काटोलजवळचं ते शेत काकांनी जाताना तिच्या नावे केलं होतं. तिचं म्हणावं असं जगात तेवढंच.

भाऊजींना तिथं संत्र्याची बाग हवी होती. बाग नसलेल्या माणसाला काटोलकडे कोणी विचारत नाही, असा त्यांचा समज. वच्छला नको म्हणत होती. काकांनी तिथं जन्मभर कपाशी, तूर आणि हरभराच घेतला. वरून काळीभोर दिसणारी ती माती पावसात चिकट लगदा व्हायची, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडायच्या आणि हातभर खाली नुसती पांढरी चुनखडी. पीक निघतं, झाडाची मुळं मात्र खाली जाऊन मरतात, असं काका सांगायचे. सासऱ्याला शेतीतलं काय कळतं, असं भाऊजींचं मत होतं. स्वतः त्यांनी सगळी नोकरी पंख्याखाली केली.

शेवटी माती तपासून घ्यायचं ठरलं. गावच्या कृषी सहायक पायलनं नीट समजावलं. बागेसाठी छातीइतका खोल खड्डा खणायचा, प्रत्येक थराची माती वेगळी भरायची, गोठ्याजवळची आणि उकिरड्याची अजिबात घ्यायची नाही. भाऊजींनी मान डोलावली आणि काकांचे बैल वर्षानुवर्षं जिथं बांधले जायचे, नेमके तिथंच गेले. शेणामुतानं तिथली माती मऊ, भुसभुशीत झालेली. तेवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले? ती माती घरी आणून त्यांनी सुपात घेतली आणि तांदळातले खडे निवडावेत तसे चुनखडीचे खडे एकेक करून फेकले.

"हे काय करून राहिले तुमी?" वच्छलानं विचारलं.

"सरकारकडे जाऊन राहिली माती. घाणेरडी पाठवू काय?"

मी तिथंच बसलो होतो. असल्या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नसतो, हे मला फार आधी कळलंय.

तपासणीत माती उत्तम निघाली. न निघून करते काय? भाऊजींनी पेढे वाटले आणि कलमं लावली. पाणी द्यायला, आळी करायला नागपुराहून वच्छलाच जायची. दोन वर्षं झाडं बरी वाढली. तिसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. भाऊजींनी नर्सरीवाल्याला शिव्या घातल्या, मग शेजाऱ्याच्या नजरेला.

पायल आली. तिनं एका मेलेल्या झाडाखाली खणायला लावलं. पांढऱ्या थरावर पाणी साचलेलं आणि मुळं कुजलेली. नमुना कुठून घेतला होता, असं तिनं विचारलं, तर भाऊजी आभाळाकडे पाहू लागले. उत्तर वच्छलाला द्यावं लागलं.

पायल गेल्यावर भाऊजींना चिंता एकच. रविवारी मुलीचे सासरे बाग पाहायला येणार होते. भाऊजी म्हणाले, रस्त्याकडची ओळ उपटून तिथं नर्सरीतली मोठी, हिरवीगार झाडं आणून रोवू. आतमध्ये कोण जातं पाहायला?

वच्छला बांधावर बसली होती. ती उठली.

"माह्या बापानं मले एवढंच देल्लं होतं. ते तुमी मारलं, अन् आता मढ्याले लुगडं नेसवून राहिले."

झाडं आली नाहीत. रविवारी व्याही आले, तेव्हा वच्छलानं त्यांना रस्त्यावर थांबू दिलं नाही. वाळक्या ओळींमधून थेट त्या खड्ड्यापाशी नेलं आणि हे कोणी केलं ते नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं. भाऊजी रस्त्यावर, काच वर करून गाडीतच बसून राहिले.